पेशी उपटून मोजणारा रोबॉट: दीड वर्ष वापरल्यावर

पहिल्यांदा हे यंत्र चालताना पाहिलं तेव्हा पडद्यावर एक पेशी होती, रात्रभर काचेवर बसून ऐसपैस पसरलेली. वरून कॅन्टिलिव्हरची, म्हणजे एका लवचिक पट्टीची, सावली सरकत आली, केंद्रकाच्या बरोबर वर टेकली, काही सेकंद थांबली आणि हळूहळू उठायला लागली. पेशीच्या कडा आत ओढल्या गेल्या. जिथून कड सुटत होती तिथे काचेवर बारीक तंतू मागे राहत होते, डिंकाला लागलेलं बोट उचलताना तार निघावी तसे. बाजूच्या खिडकीत बलाच्या आलेखाची रेघ खाली खाली गेली, एका टोकाला पोचली आणि मग पायऱ्या-पायऱ्यांनी वर येऊन शून्यावर स्थिरावली. पेशी सुटली होती आणि कॅन्टिलिव्हरच्या टोकाला गोळा होऊन लटकत होती. जिवंत.

हे यंत्र आमच्या प्रयोगशाळेत येऊन दीड वर्ष झालं आणि त्यातले बहुतेक दिवस त्याच्यासमोर मीच बसलेली असते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकारची यंत्रं बनवणारे मोजकेच आहेत आणि मला जो त्रास झाला तो कमी-जास्त प्रमाणात कुठल्याही यंत्रात होऊ शकतो. पण असं काही घ्यायचा किंवा भाड्याने वापरायचा विचार कुणी करत असेल, तर माहितीपत्रकात सापडणार नाहीत अशा गोष्टी मला सांगायच्या आहेत.

माझं काम हाडाच्या पेशींवर आहे. इम्प्लांटसाठी वापरतात तसे धातूचे आणि पॉलिमरचे पातळ थर आम्ही काचेवर चढवतो आणि कुठल्या थरावर पेशी किती घट्ट बसते ते मोजतो. शरीरात बसवलेला भाग वर्षानुवर्षं टिकणार की हलायला लागणार, याची सुरुवात पहिल्या काही तासांत पेशी त्याला कशी धरते इथून होते. म्हणून हा आकडा बरोबर येणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आधी ‘रोबॉट’ या शब्दाबद्दल. पेशीच्या आकाराचा हातपाय असलेला यंत्रमानव असं काही इथे नाही. एक मोटरवर चालणारा स्टेज आहे, एक पिझो आहे जो नॅनोमीटरच्या पावलांनी वर-खाली होतो, एक लवचिक पट्टी म्हणजे कॅन्टिलिव्हर आहे, एक पंप आणि खाली उलटा मायक्रोस्कोप आहे. १९८६ साली गेर्ड बिनिंग, कॅल्विन क्वेट आणि ख्रिस्तोफ गर्बर यांनी अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप आणला, त्याचंच हे पुढचं रूप. पट्टीच्या पाठीवर लेझर पडतो, परावर्तित होऊन फोटोडायोडवर जातो. पट्टी जरा वाकली की ठिपका सरकतो. पट्टी किती कडक आहे ते माहीत असेल तर वाकण्यावरून बल काढता येतं, शाळेत शिकलेल्या स्प्रिंगच्या नियमाने.

आमच्या यंत्राची खासियत म्हणजे ही पट्टी आतून पोकळ आहे. २००९ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या गटाने हा प्रकार प्रसिद्ध केला. पट्टीच्या आत साधारण एक मायक्रोमीटर उंचीची नळी आणि टोकाला भोक. मागून पंपाने दाब कमी केला की टोक पेशीला ओढून धरतं, दाब वाढवला की सोडून देतं.

यात एवढं काय, हे जुन्या पद्धतीने काम केलेल्याला लगेच कळेल. मी आधी तीन वर्षं तेच केलं. साध्या पट्टीला कॉन्कॅनॅव्हॅलिन ए हे चिकट प्रथिन लावायचं, ट्रिप्सिनने नुकती सोडवलेली गोल पेशी तिच्यावर चिकटवायची, ती पेशी खालच्या पृष्ठभागाला काही सेकंद, फार तर वीसेक मिनिटं टेकवायची आणि उचलायची. त्यातून कळतं ते पेशीच्या पहिल्या स्पर्शाचं. रात्रभर बसलेली पेशी तसं उचलता येत नाही, कारण तिची पकड त्या प्रथिनाच्या चिकटपणाला भारी पडते. पट्टी मोकळी वर येते आणि पेशी जागच्या जागी. शिवाय ट्रिप्सिन पेशीच्या बाहेरची प्रथिनं कापतं, म्हणजे ज्या हातांनी ती धरणार तेच आपण आधी छाटलेले. आणि एका पट्टीला एकदा पेशी चिकटली की दुसरीसाठी नवी पट्टी, नवं कॅलिब्रेशन, म्हणजे तिचा कडकपणा पुन्हा मोजणं. दिवसाला सहा-सात पेशी झाल्या की मी खूश असायचे.

आता चांगल्या दिवशी वीस-बावीस होतात. पेशी उचलायची, मोजायची, बाजूला नेऊन सोडायची, टोक सोडियम हायपोक्लोराइटच्या थेंबात धुवायचं, दोनदा पाण्यात खंगाळायचं आणि पुढची. टोक आधी पीएलएल-पीईजी या चिकटू न देणाऱ्या पॉलिमरने माखून घेतलं की पेशी कायमची चिकटून बसत नाही. एक प्रोब, म्हणजे पोकळ पट्टीचा सुटा भाग, नीट सांभाळला तर दोन-तीन दिवस चालतो. प्रोब महाग आहेत आणि काचेवर किंचित जास्त वेगाने टेकले तर तुटतात, पण आपोआप खाली उतरण्याची सोय इतकी सौम्य आहे की दीड वर्षात उतरताना एकही तुटला नाही. जे तुटले ते बसवताना चिमट्यात.

या यंत्राचा हात उत्तम आहे, हे माझं पहिलं मत. नेमक्या जागी जातो, नेमक्या बलाने टेकतो, शंभर मायक्रोमीटरपर्यंत सरळ वर ओढतो. ही शेवटची गोष्ट फार कामाची आहे. पेशी सुटली असं वाटल्यावरसुद्धा तिच्या पडद्याचे बारीक धागे लांबत राहतात, आणि साध्या अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपचा पिझो पंधरा मायक्रोमीटरवर संपला की ते धागे न तुटताच मोजणी संपते. इथे मी एकेक धागा सुटताना बघू शकते: रेघ सपाट चालते, टुपकन एक पायरी वर, पुन्हा सपाट.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून थोडं. १ नॅनोन्यूटन म्हणजे साधारण एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याचं वजन. पेशीचा एक इंटिग्रिन रेणू खालच्या फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला धरतो ते बल काही दहा पिकोन्यूटनांत असतं, म्हणजे नॅनोन्यूटनच्याही खूप खाली (हजार पिकोन्यूटनांचा एक नॅनोन्यूटन). पण पसरलेल्या पेशीकडे असे असंख्य हात असतात आणि ते गुच्छ करून धरतात, त्यामुळे अख्खी पेशी उपटायला शेकडो नॅनोन्यूटन लागतात. तीन नॅनोग्रॅमच्या पेशीचं हवेतलं वजन ३० पिकोन्यूटनच्या आसपास भरतं. ती ३०० नॅनोन्यूटनने धरून बसलेली असेल तर स्वतःच्या वजनाच्या दहा हजार पट बलाने धरून बसलेली असते. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला त्या दिवशी बराच वेळ दुसरं काही काम केलं नाही.

आता त्रासाचं.

सातव्या महिन्यात आम्ही तीन वेगवेगळ्या थरांची तुलना करत होतो. पहिल्या थरावर सरासरी आली २३० नॅनोन्यूटनच्या आसपास. दुसऱ्यावर २४०. तिसऱ्यावर २३५. तिसऱ्या थरावर फायब्रोनेक्टिन होतं, तिथे पेशी नुसत्या डोळ्यांनीही जास्त पसरलेल्या दिसत होत्या, तरी आकडा तोच. आलेख देखणे होते, सॉफ्टवेअर प्रत्येक मोजणीपुढे हिरवी खूण करत होतं. तीन आठवडे मी ती हिरवी खूण खरी मानली.

मग एका संध्याकाळी मी आलेखाऐवजी कॅमेऱ्याची फिल्म लावून बघत बसले. पट्टी वर जाते आहे, पेशी ताणली जाते आहे, आलेखात टोक येतं आणि रेघ शून्यावर परत येते. पण पेशी काचेवरच आहे! कडा थोड्या आत आल्या, पुन्हा पसरल्या आणि ती तिथेच बसून राहिली. काचेवरून पेशी सुटलीच नव्हती, सुटलं होतं आमचं टोक. म्हणजे मी मोजत होते ते पेशीची पकड नव्हे, यंत्राची पकड. म्हणून तर तीनही थरांवर एकच आकडा.

कारण शोधायला आणखी चार दिवस गेले. आठ मायक्रोमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मायक्रोमीटर. ८०० मिलिबार ओढ असेल तर टोक जास्तीत जास्त ४ मायक्रोन्यूटन, म्हणजे ४००० नॅनोन्यूटनने धरू शकतं. त्या मानाने २३५ फारच कमी. उलटा हिशेब केला तर टोकाशी प्रत्यक्षात ५० मिलिबारही नीट पोचत नव्हते. पंप आणि प्रोबच्या मधल्या एका जोडातली रबरी चकती झिजली होती आणि तिथून हवा आत येत होती. पडद्यावर मात्र ८०० दिसत होते, कारण दाब मोजणारा सेन्सर पंपाजवळ आहे, टोकाजवळ नाही. पंप आपलं काम चोख करत होता आणि पडदा पंपाचं काम दाखवत होता.

तीन आठवड्यांची सगळी मोजणी बाद केली. सहकाऱ्यांना सांगताना जड गेलं, पण ते आकडे कुठल्या शोधनिबंधात गेले असते तर त्याहून वाईट झालं असतं.

जोड कधीतरी झिजणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या हिरव्या खुणेबद्दल आहे. मोजणी संपल्यावर पेशी टोकाला आहे की काचेवर, हे कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतं. सॉफ्टवेअर तो कॅमेरा स्वतः चालवतं. तरी खूण करताना त्याकडे बघत नाही. आलेखात टोक सापडलं आणि रेघ शून्यावर आली एवढंच तपासतं. कंपनीला हे लिहून कळवलं. उत्तर सौजन्याचं आलं, चकती दोन आठवड्यांत आली, खुणेबद्दल ‘पुढच्या आवृत्तीत विचार करू’. पुढची आवृत्ती येऊन गेली आहे. खूण तशीच आहे.

तेव्हापासून माझा नियम: प्रत्येक पेशीच्या फिल्मची शेवटची चौकट मी स्वतः बघते आणि वहीत ‘टोकाला’ किंवा ‘काचेवर’ असं लिहिते. ‘काचेवर’ असेल तर तो आकडा फक्त ‘निदान एवढं तरी’ म्हणून धरायचा, सरासरीत घ्यायचा नाही.

दुसरी सवय ईडीटीएची लावली. इंटिग्रिनला धरायला मॅग्नेशियम, कॅल्शियमसारखे आयन लागतात आणि ईडीटीए ते काढून घेतं. दर आठवड्याला एक डिश ईडीटीए घालून मोजायची. बल ठळकपणे उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर यंत्रात किंवा आपल्यात काहीतरी बिघडलं आहे, पुढे जायचं नाही. त्या तीन आठवड्यांत हे एकदा जरी केलं असतं तरी पहिल्याच आठवड्यात थांबले असते.

कॅलिब्रेशनबद्दल. पट्टीचा कडकपणा तिच्या स्वतःच्या उष्णतेच्या थरथरीवरून काढतात; १९९३ साली हटर आणि बेकहोफर यांनी दिलेली ही पद्धत यंत्रात बटणावर आहे आणि चांगली चालते. तरीही उत्तर दहा-वीस टक्के इकडे-तिकडे असू शकतं हे गृहीत धरायचं. सॉफ्टवेअर बल दशांशाच्या दोन घरांपर्यंत दाखवतं, ‘३१२.४७’ असं. त्यातला ३ खरा, १ बऱ्यापैकी खरा, बाकी शोभेचं. एका तुलनेतले सगळे थर शक्यतो एकाच प्रोबने मोजावेत, म्हणजे चूक असली तरी सगळीकडे सारखी राहते.

ओढण्याचा वेग हा मुद्दा नव्याने येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जॉर्ज बेल यांनी १९७८ साली मांडलं की ओढ लागली की बंध सुटण्याची शक्यता वाढते, पण सुटायला वेळही लागतो. म्हणून तीच पेशी सावकाश ओढली तर कमी बलात सुटते, झटक्यात ओढली तर जास्त. पेशी किती बलाने चिकटते याला एकच उत्तर नाही, वेग सांगितल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे. आमच्या यंत्रात वेग नीट ठरवता येतो, फाइलमध्ये नोंदलाही जातो, पण तयार होणाऱ्या अहवालात छापला जात नाही. मी तो हाताने लिहिते.

ज्यांना एकेका रेणूचं बल मोजायचं आहे त्यांनी हे यंत्र घेऊ नये. आमच्या पोकळ पट्ट्या कडक आहेत, मीटरमागे २ न्यूटनच्या घरातल्या. अशी पट्टी नुसत्या उष्णतेनेच ९० पिकोन्यूटन इतकी थरथरते. त्यात ४० पिकोन्यूटनचा बंध शोधणं म्हणजे ढोल वाजत असताना कुजबुज ऐकणं. गाळण्या लावून थोडं सुधारतं, पण त्या कामाला शंभर पट मऊ साध्या पट्ट्या किंवा लेझरचा चिमटाच बरा. २००० साली डिक्टिओस्टेलियम या अमीबासारख्या जीवाच्या पेशींमधला एक बंध २३ पिकोन्यूटन इतका मोजला गेला, तो जुन्याच पद्धतीने, मऊ पट्टीवर. ती पद्धत मोडीत निघालेली नाही. स्पर्शाच्या पहिल्या सेकंदाचा प्रश्न असेल तर मी आजही तिच्याकडेच जाईन.

जिवाणूंवर काम करणाऱ्यांनीही आधी हिशेब करावा. जिवाणू लहान, म्हणून भोक लहान लागतं. ३०० नॅनोमीटरच्या भोकाला ८०० मिलिबार ओढ दिली तरी पकड पाच-सहा नॅनोन्यूटनच्या वर जात नाही. आणि कॉलोबॅक्टर नावाचा जिवाणू ज्या डिंकाने दगडाला बसतो त्याचं बल २००६ साली काचेच्या सूक्ष्म पट्टीने मोजलं तेव्हा मायक्रोन्यूटनमध्ये आलं. तो आमच्या टोकाने हलणारसुद्धा नाही. प्रात्यक्षिकाला आलेला माणूस ‘जिवाणूपासून प्राण्यांच्या पेशींपर्यंत सगळं’ असं म्हणत होता. कुठला जिवाणू, ते विचारा.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या आत नॅनोमॅनिप्युलेटर बसवून पेशी ढकलण्या-उचलण्याचंही काम झालं आहे, नागोया विद्यापीठातल्या गटाने यीस्टवर केलेलं. चित्र फार स्वच्छ मिळतं. पण तिथे पेशी तिच्या द्रवात नसते, बाष्पाच्या विरळ हवेत असते. माझ्या पेशींना ते परवडणारं नाही. मला धूसर दिसलं तरी चालेल, पेशी सुखात हवी.

आणि पेशी सुखात ठेवण्यात आमचं यंत्र मध्यम आहे. स्टेज ३७ अंशांवर राहतो, पण तापायला लागल्यावर तासभर सगळं सरकत राहतं. त्या वेळात मोजू नये. कार्बन डायऑक्साइडची सोय वेगळी घ्यावी लागते आणि प्रोबच्या धारकामुळे झाकण नीट बसत नाही. त्यामुळे आम्ही आम्लता स्थिर ठेवणारं हेपेस घातलेलं मिडियम, म्हणजे पेशींचा पोषक द्रव, वापरतो आणि एक डिश दोन तासांच्या वर ठेवत नाही. तिसऱ्या तासाला पाणी उडून मिडियम दाट होतं, पेशी कडेने आकसायला लागतात आणि बल घसरतं. तेव्हा आपण थराचा गुण मोजत नसतो, पेशीची दमछाक मोजत असतो.

शेजारणीचा प्रश्नही आहे. पेशी एकमेकींनाही धरतात, कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने. दाट डिशमध्ये एक ओढली की शेजारची कड उचलली जाते आणि आकडा फुगतो. मी विरळ डिश लावते आणि सुटी, एकटी पेशीच निवडते. यंत्रात आपोआप पेशी निवडण्याची सोय आहे, ती दोन चिकटलेल्या पेशींना एकच समजते. बंद ठेवली आहे.

चकती बदलल्यावर ते तीन थर पुन्हा मोजले. पहिल्या दोघांत फारसा फरक निघाला नाही. फायब्रोनेक्टिनचा थर वेगळा निघाला, जवळजवळ दुप्पट, आणि प्रत्येक पेशीपुढे वहीत ‘टोकाला’. डोळ्यांना आधीपासून दिसत होतं तेच आकड्यांत आलं. त्या दिवशी मी यंत्राला पुन्हा जवळ केलं.

तर, पसरलेल्या, प्रौढ पेशींची पकड मोजायची असेल तर मी हे यंत्र घ्या असंच सांगेन. त्या कामाला याच्या जवळपास जाणारं दुसरं काही मी हाताळलेलं नाही. प्रात्यक्षिकाला जाताना मात्र त्यांनी तयार ठेवलेल्या पेशींवर समाधान मानू नका. आदल्या दिवशी लावलेली आपली स्वतःची डिश न्या. एक पेशी उचलायला लावा, अहवाल बाजूला ठेवायला सांगा, कच्ची रेघ आणि शेवटची चौकट शेजारी शेजारी उघडायला सांगा. मग पंप आणि प्रोबच्या मधला जोड हाताने किंचित सैल करा आणि पुढची पेशी ओढताना पडद्यावर दाब किती दिसतो ते बघा.